क्लूनी : एका मठनगराचा उदय, विध्वंस आणि अभ्यास

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, सोन-ए-ल्वार जिल्ह्यातील ग्रोन नावाच्या लहानशा नदीच्या काठी क्लूनी हे गाव वसलेले आहे. माकाँ या जिल्ह्याच्या ठिकाणापासून ते वायव्येस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर असून त्याची लोकवस्ती पाच हजारांच्या आसपास आहे. द्राक्षांचे मळे, गुरांची कुरणे, आठवड्याचा बाजार, तांत्रिक शिक्षण देणारी एक नामांकित शाळा, इतकेच पाहून जो प्रवासी पुढे जाईल त्याला हे फ्रान्समधील शेकडो गावांपैकी एक वाटेल. परंतु अकराव्या आणि बाराव्या शतकांत पश्चिम युरोपच्या धार्मिक जीवनाचे सूत्र ज्या थोड्या स्थानांतून हालविले जात असे, त्यांत रोमच्या खालोखाल याच गावाचे नाव घ्यावे लागते. पाश्चात्य ख्रिस्ती जगातील सर्वांत विशाल मंदिर येथे होते. ते आज नाही. ते कसे उभे राहिले, कसे नाहीसे झाले आणि नाहीसे झाल्यावर संशोधकांनी ते कसे शोधून काढले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

क्लूनीचा इतिहास एका दानपत्रापासून सुरू होतो. आक्वितेनचा ड्यूक गियोम, ज्यास इतिहासात ‘धर्मनिष्ठ’ या उपपदाने ओळखतात, याने आपली क्लूनी येथील जमीन संत पीटर आणि संत पॉल यांस अर्पण केली व तेथे बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे राहणाऱ्या भिक्षूंचा मठ स्थापावा असे ठरविले. हे दानपत्र बूर्झ नगरात लिहिले गेले. दानाची तिथी अकरा सप्टेंबर ही निश्चित आहे. वर्ष मात्र निश्चित नाही. दानपत्रात ख्रिस्ती सनाचा आकडा नाही. राजा शार्ल याच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि पंधरा वर्षांच्या चक्रातील ‘इंडिक्शन’ नावाचा आकडा, एवढाच कालनिर्देश लेखकाने केला आहे. शार्लच्या राज्याची गणना कोठून करावयाची याविषयी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी वहिवाट होती. शिवाय इंडिक्शनचे वर्ष सप्टेंबरात बदलते असे धरले तर एक सन निघतो आणि जानेवारीत बदलते असे धरले तर दुसरा. म्हणून कोणी इ. स. ९०९ मानतात, कोणी ९१०. मठाच्या स्थापनेचा अकराशेवा वर्धापन फ्रान्समध्ये इ. स. २०१० साली साजरा झाला; पण त्यामुळे वाद मिटला असे समजण्याचे कारण नाही. शक, संवत्सर आणि राज्यवर्ष यांचा मेळ घालताना ज्यांचे डोके शिणले आहे, अशा आपल्याकडील ताम्रपटांच्या अभ्यासकांना ही अडचण परकी वाटणार नाही.

याच वाचकांना दानपत्राचा शेवटचा भागही ओळखीचा वाटेल. दिलेली जमीन जो कोणी हिरावून घेईल, मग तो दात्याचा नातलग असो वा परका, त्याच्यावर देवाचा कोप होवो. मोझेसविरुद्ध उठलेल्या दाथान आणि अबीराम यांना जशी जिवंतपणी पृथ्वीने गिळले तशी त्याची गत होवो. येशूला विकणाऱ्या ज्यूडासच्या पंक्तीस तो बसो. स्वर्गाच्या किल्ल्या बाळगणारा संत पीटर त्याला दार बंद करो. आणि ऐहिक दंड म्हणून त्याने शंभर पौंड सोने भरावे, असा या शापवचनांचा आशय आहे. दख्खनमध्ये राष्ट्रकूट दुसरा कृष्ण राज्य करीत होता तेव्हाचे हे लेखन आहे. दोहोंत परस्परसंबंध काही नाही. परंतु राजसत्ता दुबळी किंवा दूर असली की दान टिकविण्याचे काम शापाकडे सोपवावे लागते, ही गरज मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते.

दानपत्रातील खरा महत्त्वाचा भाग निराळा आहे. गियोमने स्वतःसाठी, आपल्या वारसांसाठी किंवा आपल्या घराण्यासाठी मठावर कोणताही अधिकार राखून ठेवला नाही. त्या काळी मठ स्थापणारा सरदार मठाला आपल्या मालमत्तेचाच एक भाग मानी. मठाधिपती तो नेमी आणि उत्पन्नावर हात मारी. क्लूनीच्या बाबतीत असे लिहून ठेवले गेले की, राजा, काउंट, बिशप, किंबहुना स्वतः पोप, यांपैकी कोणीही मठाची मालमत्ता घेऊ नये. पहिला मठाधिपती बेर्नो वारल्यावर भिक्षूंनी आपला अधिपती स्वतः निवडावा. आणि मठाने संरक्षणाची खूण म्हणून दर पाच वर्षांनी दहा सॉलिडस नाणी रोम येथे प्रेषितांच्या समाधीवरील दिव्यांसाठी पाठवावी. तेलवातीच्या या किरकोळ रकमेतून क्लूनीचे पुढचे सारे स्वातंत्र्य उत्पन्न झाले. संत पीटर हा जागेचा मालक, पोप हा त्याचा प्रतिनिधी आणि पोप तर आल्प्स पर्वतापलीकडे. तेव्हा जवळच्या कोणाचीच सत्ता मठावर चालेना. इ. स. ९९८ मध्ये पोप पाचवा ग्रेगरी याने मठाला बिशपाच्या अधिकारातून बरीच मोकळीक दिली आणि १०२४ मध्ये एकोणिसाव्या जॉनने ती सवलत क्लूनीचे भिक्षू जेथे कोठे असतील तेथे लागू केली. माकाँच्या बिशपांना हे रुचले नाही, आणि त्यांनी ते निमूटपणे सोसलेही नाही.

स्वातंत्र्याच्या जोडीला दीर्घायुष्य लाभले. दुसरा अधिपती ओदो याने (९२७–९४२) अनेक मठांत शिस्त आणली. पुढे मायोल (९५४–९९४), ओदिलो (९९४–१०४९) आणि यूग (१०४९–११०९) असे तीन थोर अधिपती लागोपाठ झाले. ओदिलो आणि यूग या दोघांचीच कारकीर्द मिळून एकशे पंधरा वर्षांची आहे. एवढ्या अवधीत फ्रान्सच्या गादीवर चार आणि रोमच्या आसनावर वीसहून अधिक पुरुष बसून गेले. संस्थेच्या इतिहासात कल्पनांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु क्लूनीच्या यशाचे एक कारण हे साधे सातत्य होते, हे विसरून चालणार नाही. यूगच्या काळात क्लूनीतच भिक्षूंची संख्या तीनशेच्या आसपास गेली होती, आणि इंग्लंडपासून इटलीपर्यंत व स्पेनपर्यंत पसरलेले शेकडो मठ क्लूनीच्या अधिपतीला आपला अधिपती मानीत होते. नोव्हेंबरच्या दोन तारखेस सर्व मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याची जी प्रथा कॅथलिक जगात आज सर्वत्र आहे, ती ओदिलोनेच आपल्या मठांत प्रथम घालून दिली. मृतांसाठी प्रार्थना हाच क्लूनीचा मुख्य व्यवसाय होता असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण चूक ठरणार नाही. जमीन देणारा मनुष्य त्या बदल्यात आपले नाव भिक्षूंच्या स्मरणवहीत लिहवून घेत असे.

आता त्या मंदिराकडे वळू. संशोधक क्लूनीच्या मंदिराच्या तीन अवस्था मानतात. पहिले दहाव्या शतकाच्या आरंभीचे, लहान. दुसरे मायोलच्या काळात पुरे झालेले. आणि तिसरे यूगने इ. स. १०८८ मध्ये आरंभिलेले. या तिसऱ्या मंदिराच्या उत्पत्तीविषयी मठात एक आख्यायिका सांगत. गुंझो नावाचा एक वृद्ध भिक्षू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता. त्याच्या स्वप्नात संत पीटर, पॉल आणि स्टीफन येऊन त्यांनी दोऱ्या ताणून मंदिराची आखणी करून दाखविली आणि ती यूगला कळविण्याची आज्ञा केली. आज्ञा पाळताच तो बरा झाला. आख्यायिका असली तरी तिच्यात कामाचा एक तपशील आहे : जमिनीवर दोऱ्या धरून आखणी करणे ही त्या काळच्या स्थपतींची खरी पद्धत होती.

पैसा मात्र स्वप्नातून आला नाही. तो आला स्पेनमधून. लेओनचा राजा पहिला फेर्नान्दो याने क्लूनीला दरसाल एक हजार सुवर्णनाणी देण्याचे कबूल केले होते. त्याचा मुलगा सहावा आल्फोन्सो याने १०७७ मध्ये ही रक्कम दुप्पट केली. हे सोने स्पेनमधील मुसलमान राज्यांनी ख्रिस्ती राजांना दिलेल्या खंडणीचे होते. म्हणजे ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठ्या देवालयाचा बराच खर्च अंदलूसच्या अमिरांच्या खजिन्यातून निघाला! आफ्रिकेतून अल्मोराविदांनी स्पेनवर स्वारी केल्यावर खंडणी आटली आणि तिच्यामागोमाग क्लूनीचे सोनेही. बाराव्या शतकात मठाला कर्जाचा विळखा पडला त्याचे हे एक मूळ आहे.

इ. स. १०९५ च्या २५ ऑक्टोबरला पोप दुसरा अर्बन याने मुख्य वेदीचा संस्कार केला. अर्बन हा पूर्वी क्लूनीतच ज्येष्ठ अधिकारी होता. येथून तो क्लेर्माँ येथे गेला आणि पहिल्या धर्मयुद्धाची हाक त्याने तेथे दिली. इ. स. ११२५ मध्ये मुख्य दालनाच्या छताचा काही भाग कोसळला, तो पुन्हा बांधण्यात आला, आणि ११३० मध्ये दुसऱ्या इनोसंट पोपने संपूर्ण मंदिराची प्रतिष्ठा केली. पश्चिमेकडील प्रशस्त सभामंडप मागाहून जोडला गेला. तो धरून मंदिराची लांबी १८७ मीटर भरत असे. मधले दालन आणि त्याच्या दोन्ही अंगांस दोन दोन अशी एकंदर पाच दालने, त्यांना छेदून जाणारे एक मोठे आणि एक लहान अशी दोन आडवी दालने, आणि मध्यभागी सुमारे तीस मीटर उंचीची दगडी कमानदार छत, असा त्याचा विस्तार होता. गॉथिक शैलीचे लक्षण म्हणून सांगितली जाणारी टोकदार कमान येथे त्या शैलीच्या उदयापूर्वीच वापरलेली होती. सोळाव्या शतकात रोमचे संत पीटरचे मंदिर नव्याने बांधावयास घेतले जाईपर्यंत याच्याहून मोठे मंदिर ख्रिस्ती जगात नव्हते.

मंदिर पुरे होत असताना मठाधिपतीच्या आसनावर जो पुरुष होता त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे अनुचित होईल. ‘पूज्य’ पिएर (११२२–११५६) याच्या वाट्याला वैभवापेक्षा त्याची देणीच अधिक आली. आधीचा अधिपती पोन्स याने पद सोडले होते. ११२६ मध्ये तो शस्त्रधारी माणसे घेऊन परत आला आणि मठात घुसून त्याने खजिन्याला हात घातला. ते प्रकरण रोममध्ये निकालात निघाले. पिएरने हिशेब सुधारण्याचा प्रयत्न केला, कोणत्या खेड्याने किती धान्य, किती मद्य पुरवावे याची व्यवस्था लावली. सान्स येथील धर्मसभेत दोषी ठरलेल्या आबेलार या तत्त्वज्ञाला त्याने आश्रय दिला. आबेलार ११४२ मध्ये क्लूनीच्याच एका शाखामठात वारला. त्याच साली पिएर स्पेनमध्ये गेला असता त्याने अरबी जाणणाऱ्या पंडितांना द्रव्य देऊन कुराणाचे लॅटिन भाषांतर करविले. केटनचा रॉबर्ट याने ते ११४३ मध्ये पुरे केले. हेतू खंडनाचा होता हे पिएर लपवीत नाही. परंतु ज्याचे खंडन करावयाचे तो ग्रंथ आधी वाचला पाहिजे, ही त्याची भूमिका त्या युगात विरळाच होती. हेच भाषांतर चारशे वर्षांनी, १५४३ मध्ये, बाझल येथे छापले गेले, आणि पश्चिम युरोपच्या विद्वानांना कुराणाची ओळख दीर्घकाळ त्याच्याच द्वारे होत राहिली.

मठाच्या भिंतीबाहेर जे गाव वाढले ते मठामुळेच वाढले. यात्रेकरू, सावकार, सुतार, पाथरवट, कातडी कमावणारे यांची घरे येथे झाली. आज क्लूनीत बाराव्या आणि तेराव्या शतकांतील दगडी घरे इतक्या संख्येने आढळतात की, नागरी वास्तूच्या अभ्यासाचे ते एक केंद्रच होऊन बसले आहे. देवळे आणि गढ्या सर्वत्र टिकतात. सामान्य दुकानदाराचे आठशे वर्षांपूर्वीचे घर टिकणे ही अपूर्व गोष्ट होय. या घरांचा नमुना ठरलेला आहे. रस्त्याच्या बाजूस तळमजल्यावर एक रुंद कमान, म्हणजे दुकान किंवा कारखाना. तिच्याशेजारी एक अरुंद दार आणि त्यातून सरळ वर जाणारा जिना. माडीवर खिडक्यांची सलग रांग, बारीक खांबांनी विभागलेली आणि बहुधा कोरीव कामाने सजविलेली. मागे अंगण आणि त्यापलीकडे स्वयंपाकाची जागा. खिडक्यांच्या रांगेवरील कोरीव काम पाहिले की मंदिराच्या कारागिरांनीच फावल्या वेळात शेजाऱ्यांचीही कामे केली असावीत असे मनात येते.

नंतरच्या शतकांचा वृत्तान्त त्वरेने सांगता येईल, कारण तो ऱ्हासाचा आहे. पुढे अधिपतीची निवडणूक भिक्षूंच्या हातून गेली आणि राजाच्या मर्जीतील पुरुषास हे पद उत्पन्नासाठी मिळू लागले. सतराव्या शतकात कार्डिनल रिशल्य आणि माझारँ यांनीही ते भोगले. पॅरिसमध्ये क्लूनीच्या अधिपतींनी जो वाडा बांधला त्यात आज मध्ययुगीन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. इ. स. १५६२ मध्ये ह्यूगनॉट सैनिकांनी मठ लुटला आणि ग्रंथसंग्रहाची मोठी हानी केली. अठराव्या शतकात, १७५० नंतर, भिक्षूंनी मंदिर सोडून बाकीचा बहुतेक जुना मठ स्वतःच पाडला आणि नव्या रुचीप्रमाणे लांबलचक भव्य इमारती बांधल्या. त्या आजही उभ्या आहेत. मध्ययुगीन मठाच्या नाशाचा पहिला हप्ता अशा रीतीने भिक्षूंच्याच नावे जमा करावा लागतो. याच काळात, १७५८ मध्ये, गावातील एका पाथरवटाच्या घरी चित्रकार प्रुदाँ याचा जन्म झाला. त्याचे आरंभीचे शिक्षण भिक्षूंनी केले.

आता मंदिराच्या विध्वंसाकडे यावयाचे. क्रांतीच्या उन्मादात जमावाने क्लूनीचे मंदिर फोडले, अशी समजूत सर्वसामान्य पुस्तकांतून आढळते. तिला आधार नाही. इ. स. १७८९ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस माकाँच्या प्रदेशात शेतकऱ्यांनी उठाव केला आणि अनेक गढ्या जाळल्या. त्यांची एक मोठी टोळी क्लूनीवर चालून आली, तेव्हा गावातील नागरिकांनीच हत्यारे घेऊन तिला परतवून लावले. मठ त्या दिवशी वाचला तो नगरवासीयांमुळे. पुढे १७९० मध्ये राष्ट्रसभेने मठसंस्था रद्द केल्या, १७९१ मध्ये मंदिरात शेवटची उपासना झाली आणि भिक्षू पांगले. १७९३ मध्ये क्रांतिसैनिकांनी थडगी व मूर्ती फोडल्या आणि कागदपत्रे जाळली. हानी झाली ती गंभीर होती, पण इमारत उभीच होती. तिचा घात पुढे शांततेच्या काळात झाला. २१ एप्रिल १७९८ रोजी राष्ट्रीय मालमत्ता म्हणून तिचा लिलाव होऊन ती माकाँच्या काही व्यापाऱ्यांना विकण्यात आली. व्यापाऱ्यांना मंदिर नको होते. दगड, शिसे, लाकूड आणि जागा हवी होती.

त्यांनी मुख्य दालनाच्या मधून एक रस्ता काढला. तेथून पुढे मंदिर म्हणजे दगडांची खाण झाले. घर बांधावयाचे, कुंपण घालावयाचे, तर दगड तेथून विकत आणावा. मोठे मनोरे हातांनी पाडणे परवडेना म्हणून १८११ मध्ये सुरुंगाची दारू वापरण्यात आली. नेपोलियन माकाँवरून जात असता क्लूनीकरांनी त्याला आपल्या गावी येण्याची विनंती केली आणि मंदिर विकू देणाऱ्या लोकांकडे मी येणार नाही असे तो म्हणाला, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याच नेपोलियनच्या सरकारने १८०६ मध्ये क्लूनीत सरकारी अश्वशाळा स्थापली आणि ती मंदिराच्या पूर्वेकडील भागात, तेथलेच दगड वापरून बांधली, ही गोष्ट आख्यायिका नव्हे. पाडकाम १८२३ पर्यंत चालले. म्हणजे विध्वंसाला पंचवीस वर्षे लागली आणि या अवधीत फ्रान्समध्ये डिरेक्टरी, कॉन्सुलेट, साम्राज्य आणि पुन्हा बूर्बाँ राजे अशा चार राजवटी होऊन गेल्या. त्यांपैकी एकीनेही ते थांबविले नाही. ज्या राजांच्या परतण्याबरोबर धर्माचेही पुनरागमन झाले असे म्हणतात, त्यांच्याही कारकिर्दीत हातोडा चालूच राहिला. विचारांच्या आवेशापेक्षा मालकीचा दस्तऐवज आणि बांधकामाच्या दगडाचा भाव ही या नाशाची कारणे अधिक बलवान होती, असे आमचे मत आहे.

नागरिकांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्यांनी १७८९ मध्ये मठासाठी हत्यार धरले त्यांचीच ही पिढी होती. दानपत्राने ज्यांना मठात कोणताच अधिकार दिला नव्हता, ज्यांचा बाजार, जाते आणि न्याय शतकानुशतके मठाच्या हाती होता, त्यांना ही इमारत आपली कशी वाटावी? लुटारूंपासून तिचे रक्षण करणे हा गावाच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. रिकाम्या इमारतीचे छप्पर वर्षानुवर्षे दुरुस्त ठेवणे हा खर्चाचा प्रश्न झाला. ‘ऐतिहासिक वास्तू’ ही कायद्याची संज्ञा फ्रान्समध्ये नंतरच्या पिढीत रुजली, आणि क्लूनीच्या अवशेषांना तिचे संरक्षण मिळाले १८६२ मध्ये. तोपर्यंत मंदिराचा दहाव्या हिश्श्याहूनही कमी भाग शिल्लक उरला होता : मोठ्या आडव्या दालनाची दक्षिण भुजा, तिच्यावरील अष्टकोनी मनोरा, शेजारचा घड्याळाचा चौकोनी मनोरा, आणि लहान आडव्या दालनाचा थोडा अंश. या एका भुजेत उभे राहून वर पाहिले असता मान दुखू लागते. त्यावरून उरलेल्या नऊ हिश्श्यांची कल्पना करावयाची.

ही कल्पना शास्त्रीय पद्धतीने करण्याचा पहिला मोठा उद्योग एका अमेरिकन प्राध्यापकाने केला. हार्वर्ड विद्यापीठातील केनेथ जॉन कोनंट याने १९२८ मध्ये येथे उत्खनन सुरू केले आणि महायुद्धाचा खंड वगळता ते १९५० पर्यंत चालविले. गावातील घरे, रस्ते आणि अश्वशाळा यांच्यामध्ये जेथे जागा मिळेल तेथे खड्डे घ्यावे, पाया सापडला की मोजमापे टिपून खड्डा बुजवावा, अशी त्याची पद्धत होती. जुनी चित्रे, अठराव्या शतकातील नकाशे आणि हे पाये यांच्या साहाय्याने त्याने मंदिराचे संपूर्ण आराखडे तयार केले आणि १९६८ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लूनीची जी रेखाचित्रे आज सर्वत्र छापलेली दिसतात ती मूळची कोनंटची आहेत. त्यांचे श्रेय मोठे आहे. पण ती अनुमाने आहेत, याचा विसर पडू देता कामा नये. मंदिराची सर्व मापे काही विशिष्ट ‘पूर्ण’ संख्यांवर बेतलेली होती हे त्याचे प्रतिपादन सर्वांना पटलेले नाही. पुढील काळात आन बो यांनी उभ्या अवशेषांच्या भिंती दगडादगडाने तपासून बांधकामाच्या टप्प्यांविषयी त्याच्या काही निष्कर्षांत दुरुस्त्या सुचविल्या आहेत.

मतभेदाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे वेदीभोवतीच्या खांबांची शीर्षे. ती पाडकामातून वाचली असून मठाच्या तेराव्या शतकातील धान्यकोठाराच्या माडीवर, ओकच्या विशाल छपराखाली, आज ठेवलेली आहेत. धर्मसंगीताचे स्वर, सद्गुण, ऋतू, स्वर्गातील नद्या असे विषय त्यांवर अत्यंत कोमल हाताने कोरलेले आहेत. वेदीचा संस्कार १०९५ मध्ये झाला, तेव्हा खांबही त्यापूर्वीचे, असे कोनंटचे म्हणणे. इतके प्रगल्भ शिल्प एवढ्या लवकर संभवत नाही, ते बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील असावे, असे त्याच्या विरोधकांचे. प्रश्न केवळ वीस वर्षांचा नाही. कोनंटचे खरे मानले तर बर्गंडीच्या साऱ्या रोमनेस्क शिल्पाचे उगमस्थान क्लूनी ठरते. विरोधकांचे मानले तर क्लूनी ही अनेकांतील एक कार्यशाळा होते. आमच्या मते वेदीच्या संस्काराची तिथी ही शिल्पाची तिथी मानण्यात धोका आहे. दगड खांबावर चढविण्यापूर्वी कोरला की चढविल्यावर, हे ती तिथी सांगत नाही.

मठाच्या इमारतींचे पुढे काय झाले हेही येथे नोंदवावे. शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युर्‌वी याने १८६६ मध्ये अठराव्या शतकातील इमारतींत शिक्षकांसाठी एक विशेष विद्यालय उघडले. १९०१ पासून तेथे कला व यंत्रविद्या यांची राष्ट्रीय शाळा चालते. या शाळेतील अभियंत्यांनी १९९० च्या सुमारास संगणकाच्या साहाय्याने लुप्त मंदिराचे त्रिमितीय चित्र उभे केले. अशा प्रकारच्या सर्वांत आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. मठाधिपतींच्या दोन जुन्या वाड्यांपैकी एकात नगरपालिका आहे आणि दुसऱ्यात संग्रहालय. दुसऱ्या महायुद्धात हा परिसर जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकाराचे केंद्र होता. १४ फेब्रुवारी १९४४ रोजी गावातील अनेक स्त्रीपुरुषांना पकडून छळछावण्यांत पाठविण्यात आले, आणि त्यांतील कित्येक परत आले नाहीत.

इमारतीपेक्षा कागद अधिक टिकले, ही क्लूनीच्या बाबतीत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. क्रांतीच्या आधीच्या वीस वर्षांत, राजाच्या दफ्तरखान्यासाठी, लांबेर द बारीव नावाचा ओतँ येथील एक वकील मठाच्या दफ्तरात बसून जुनी दानपत्रे नकलून घेत होता. हजारो नकला त्याने स्वतः केल्या. १७९३ मध्ये आणि नंतर मूळ पत्रांपैकी पुष्कळ नष्ट झाली. त्यांचा मजकूर आज केवळ त्याच्या हस्ताक्षरात उपलब्ध आहे. गावात उरलेली हस्तलिखिते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १८८१ मध्ये विकत घेतली. ओग्युस्त बेर्नार आणि आलेक्सांद्र ब्रुएल यांनी १८७६ ते १९०३ या काळात सहा खंडांत या पत्रांचे संपादन केले. त्यांची संख्या साडेपाच हजारांच्या घरात आहे. दहाव्या आणि अकराव्या शतकांतील एका लहानशा प्रदेशाविषयी इतकी साधनसामग्री युरोपात फार थोड्या ठिकाणी मिळते.

झॉर्ज द्युबी याने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला माकाँ प्रदेशाच्या समाजरचनेवरील ग्रंथ मुख्यत्वे या पत्रांवर आधारलेला आहे. इ. स. १००० च्या आसपास काउंटचा न्यायदरबार कसा ओस पडला आणि गढ्यांचे मालक आपापल्या टापूत न्याय व कर कसे वसूल करू लागले, हे त्याने खरेदी, दान आणि तंटे यांच्या शेकडो नोंदींवरून दाखविले. पुढे बार्बरा रोझेनवाइन यांनी १९८९ मध्ये याच पत्रांना एक वेगळा प्रश्न विचारला : दिलेल्या जमिनीचे पुढे काय होत असे? त्यांच्या असे ध्यानात आले की एकच शेत एका पिढीत मठाला दिले जाई, दुसऱ्या पिढीत दात्याचा मुलगा त्यावर हक्क सांगे, मठ ते काही काळ त्याला वापरावयास देई, आणि तिसऱ्या पिढीत तेच शेत पुन्हा दान म्हणून परत येई. कायद्याच्या दृष्टीने हा घोटाळा होय. परंतु देणाऱ्यांच्या दृष्टीने प्रत्येक देवघेवीने संत पीटरशी असलेला शेजार दृढ होत होता. जमीन हे त्या शेजाराचे निमित्त होते. शापवचनांनी भरलेले दानपत्र आणि शापाला न जुमानता हक्क सांगणारे वारस, या दोहोंचा मेळ या अर्थाने लागतो. गियोमचे मूळ दानपत्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, बर्गंडीविषयक संग्रहात, जतन केलेले आहे.